दोन आगींचं अक्षर

यून सर कुठलंही चिनी अक्षर नुसतं उच्चारत नसत. आधी अर्थ, मग उच्चार. "थाल यॉन," ते म्हणत. म्हणजे 'जळणारा यॉन'. फोनवर नाव सांगताना आपण 'क कमळातला' म्हणतो, तसं. कोरियन भाषेत यॉन पुष्कळ आहेत. धुराचा यॉन, कमळाचा यॉन, आकाशात उडवायच्या पतंगाचा यॉन. कोरियन लोक आता सगळं स्वतःच्या लिपीत लिहितात आणि त्या लिपीत हे सगळे यॉन एकसारखे दिसतात. यातला कुठला, हे सांगायचं तर त्यामागचं चिनी अक्षर ठाऊक असावं लागतं. त्या अक्षरांना ते हांजा म्हणतात. हांजा हाताने लिहिणारी माणसं कोरियातसुद्धा कमी होत चालली आहेत. व्हर्जिनियातल्या सेंटरव्हिलमध्ये यून सर होते.

माणसांची ओळखही ते तशीच करून देत. आधी अर्थ, मग नाव. पोस्टातून निवृत्त झालेले अमेरिकन गृहस्थ वर्गाला येत, ते 'चालणारा वॉल्टर'. मी 'चुका काढणारी वृंदा'. अभय मेश्राम आमच्यात सर्वांत शेवटी आला आणि पहिल्याच दिवशी 'दिव्याचा अभय' झाला. असं का, ते पुढे येईल.

शनिवारी दहा ते बारा सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत वर्ग भरायचा. दोन कोरियन आज्या, वॉल्टर, मी आणि पुढे अभय, एवढेच विद्यार्थी. सर तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. उंची कमी, पाठ ताठ. शर्टाची कॉलर इतकी कडक की मान वळवायची तर खांद्यासकट वळावं लागे. त्यांचं इंग्रजी तुटक होतं पण अडखळत नसे. लहान लहान वाक्यं करून ते पुढे सरकत. ती वाक्यं इथे मराठीत देते आहे.

मी तिथे गेले त्याचं कारण साधं होतं. पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर अकरा वर्षं काढल्यावर नवऱ्याच्या नोकरीमागे मी जवळच्याच हर्नडनला आले आणि बॉयलर बनवणाऱ्या एका कंपनीसाठी माहितीपुस्तिका लिहू लागले. एक काम कोरियन पुस्तिकेवरून करायचं होतं. इंधन म्हणजे 'यॉन्ल्यो' (बोलताना 'यॉल्ल्यो'), ज्वलन म्हणजे 'यॉन्सो', ज्वलनशील म्हणजे 'कायॉनसॉंग'. तिन्ही शब्दांत एकच तुकडा. आमच्या अनुवादकाला विचारलं तर तो म्हणाला, शब्दच तसे आहेत. डेस्कवर काम केलेल्या माणसाला हे उत्तर चालत नाही.

पहिल्या दिवशी सरांनी ते अक्षर लिहून दाखवलं: 燃. सोळा फटकारे. मग त्यातला उजवा भाग वेगळा काढला: 然.

"हे आधी होतं," ते म्हणाले. "खाली चार ठिपके. ही आग. वर डावीकडे मांस. वर उजवीकडे कुत्रा. कुत्र्याचं मांस आगीवर. म्हणजे भाजणं, जाळणं."

एका आजीने शेजारच्या आजीकडे बघून नाक मुरडलं. तिच्या घरी पूडल कुत्रा होता.

"मग काय झालं," सर पुढे म्हणाले, "या अक्षराला दुसरं काम लागलं. 'असं', 'तसं', 'म्हणून'. लोक तेवढ्यासाठीच वापरायला लागले. कोरियनमध्ये निसर्ग म्हणतो आम्ही, 'चायॉन'. त्यात हेच अक्षर आहे. कोणाला आग दिसते? कोणालाच नाही. मग जाळायचं असेल तेव्हा काय लिहायचं? तर डावीकडे आणखी एक आग लावली. आता दोन आगी झाल्या."

मी घरी जाऊन तपासलं. काही जाणकारांच्या मते कुत्रा आणि मांस तिथे केवळ उच्चारासाठी आहेत, अर्थाशी त्यांचा संबंध नाही. पुढच्या शनिवारी मी ते सरांना सांगितलं. त्यांनी अक्षराच्या कागदाला नाक लावून वास घेतला आणि म्हणाले, "मला तरी भाजल्याचा वास येतो." वर्ग हसला. मीही हसले. पण सर माझ्याकडे बघून हसले होते, त्यामुळे तो शनिवार माझा होता असं मी धरून चालले. पुढचे चार महिने बहुतेक शनिवार माझे होते.

हे अक्षर लिहिण्याचा क्रम ठरलेला आहे. डावीकडची नवी आग आधी, मग मांस, मग कुत्रा, आणि जुनी आग अगदी शेवटी, चार ठिपक्यांत. पहिला ठिपका डावीकडे झुकतो, बाकीचे तीन उजवीकडे. सर म्हणत की अक्षर इथेच फसतं. तोवर हात थकलेला असतो आणि माणसाला वाटतं, झालं. माझे ठिपके पहिल्या महिन्यातच बरोबर येऊ लागले. सर लाल शाईचा ब्रश घेऊन प्रत्येकाच्या कागदावर दुरुस्त्या करत. माझ्या कागदावर लाल शाई कमी कमी होत गेली. याचा मला अभिमान होता. डेस्कवर आम्ही कोरं प्रूफ परत आलं की त्याला चांगलं प्रूफ म्हणत असू.

सर व्यवसायाने शिक्षक नव्हते. तीस वर्षं त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. गुरुपत्नीला कोरियनमध्ये 'सामोनिम' म्हणतात. आम्हीही तेच म्हणायचो. दुकानात कपडे धुवायचं द्रव पेट घेणारं होतं. तपासणीवाल्यांनी टाकीवर इंग्रजी इशारे चिकटवले होते, पण सरांनी त्यांच्या वर एका फळीवर ब्रशने मोठ्ठं 燃 लिहून टांगलं होतं. गिऱ्हाइकांना वाटायचं शुभचिन्ह असेल. एक बाई तर विचारत होत्या की याचा अर्थ समृद्धी का. सर त्यांना म्हणाले, "हो. पण लांबूनच बघा."

दुकान विकून दहा वर्षं झाली तरी त्यांची नजर गेली नव्हती. कोणी समोर आलं की ते आधी कॉलर बघत, मग कफ, मग चेहरा. डाग बघून गुन्ह्याचा तपास लावावा तसं ते सांगत. सोया सॉस, दोन दिवसांपूर्वी. लिपस्टिक, स्वतःची नव्हे. माझ्या कुर्त्याच्या बाहीकडे पाहून एकदा म्हणाले, "हळद. सॉरी." तेवढंच. तीस वर्षांच्या धंद्यात हळदीपुढे आपण हात टेकले, हे त्या एका शब्दात होतं.

अभय आला तो चुकून. त्याची मुलगी वाचनालयाच्या मागच्या इमारतीत तायक्वांदो शिकायची. दोन तास गाडीत बसून कंटाळला म्हणून तो खोलीत डोकावला. नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, चाळिशीचा. मला मराठीत बोलताना ऐकून पुढे आला. मी फोनवर नवऱ्याला दूध आणायला सांगत होते.

"ताई, तुम्ही मराठी? काय करून राहिल्या इथे? चायनीज शिकून राहिल्या का?"

"कोरियन हांजा."

"म्हणजे तेच ना. बसू का मी? एसी भारी आहे इथला."

त्या आठवड्यात मी 'जळणारा यॉन' कोरियनमध्ये कुठे कुठे येतो याची सहा पानांची टिपणं काढून आणली होती. इंधनापासून मोटारीच्या इंजिनापर्यंत सगळं होतं. सरांनी ती शांतपणे पाहिली, मान डोलावली आणि विचारलं, "आणि यॉनदुंग?"

ते माझ्याकडे नव्हतं. यॉनदुंग म्हणजे दिवे पेटवणं, सर म्हणाले. वसंतात बुद्धाच्या जन्माचा सण येतो, तेव्हा कोरियात कागदी कंदील लावतात. तोच यॉन. एरवी हे अक्षर कारखान्यात आणि पेट्रोल पंपावर राबतं, पण वर्षातून एकदा देवळात जातं. आणि एक बुद्ध आहे, फार जुना, गौतमाच्याही आधीचा. त्याचं नाव यॉनदुंगबुल. दिवा पेटवणारा बुद्ध. "तुमच्या भाषेत त्याला काय म्हणतात? तुमच्याच भाषेतून आला तो."

मी आठवायला लागले. मागून आवाज आला.

"दीपंकर. सर, दीपंकर बुद्ध. माझ्या बाबांचं नाव दीपंकर आहे."

सरांनी ब्रश खाली ठेवला. अभयला दोनदा नाव म्हणायला लावलं. मग ते उठून उभे राहिले आणि अभयला कमरेतून वाकून नमस्कार केला. अभय घाबरून उठला, खुर्ची मागे पडली, त्यानेही नमस्कार केला, मग हात जोडले, मग पुन्हा वाकला. आज्या हसत होत्या. सरांनी कोरा कागद घेतला आणि दोन अक्षरं लिहिली, यॉन आणि दुंग. "तुझ्या वडिलांचं नाव," ते म्हणाले. "मी हे नाव साठ वर्षं लिहितो आहे. या नावाच्या माणसाचा मुलगा पहिल्यांदाच पाहिला."

अभयच्या घरी तीन पिढ्यांपासून बुद्धवंदना आहे. त्याच्या आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि मुलाचं नाव दीपंकर ठेवलं. त्यात अभयचं कर्तृत्व काही नव्हतं, हे मी त्याच दिवशी मनाशी नोंदवलं. माझी सहा पानं टेबलावर होती. जाताना ती मीच उचलली.

त्यानंतर तो दर शनिवारी येऊ लागला. त्याचं अक्षर वाईट होतं. शाई जास्त घ्यायचा, ती कागदावर पसरायची. कुत्र्याच्या डोक्यावरचा ठिपका विसरायचा, मग आठवलं की जोरात द्यायचा. चार ठिपके चार दिशांना पळायचे. सर त्याच्या कागदावर पाच पाच मिनिटं लाल ब्रश चालवत आणि मध्येच हसू लागत. माझ्या कागदावर एक नजर टाकत, म्हणत, "बरोबर," आणि पुढे जात.

"ताई, तुमचं अक्षर म्हणजे एकदम फॉन्ट आहे यार," अभय म्हणायचा. त्याला ते कौतुक वाटायचं.

वर्ग संपला की सर सगळ्यांचे कागद गोळा करत, स्वतःचेसुद्धा. ते घरी नेऊन जाळत. लिहिलेल्या कागदावर कोणाचा पाय पडू नये, तो कचऱ्यात जाऊ नये, अशी त्यांच्या गावची शिकवण होती. मी वर्तमानपत्रातून आलेली. आज लिहिलेलं उद्या रद्दीत जातं, त्यात कोणी भजी बांधून देतं, याचं मला कधी वाईट वाटलेलं नव्हतं. पण सरांच्या हातचा एक कागद मला हवा होता. मी दोनदा मागितला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "चांगलं लिहिलेलं जाळायचंच असतं."

याचा अर्थ कळायला मला त्यांचं दुसरं काम कळावं लागलं. सणाच्या सकाळी कोरियन घरांत पूर्वजांसाठी जेवण मांडतात. मागे एक कागदी पट्टी उभी करतात. तिच्यावर ज्याला बोलवायचं त्याची ओळख हांजामध्ये लिहिलेली असते. हिला 'जिबांग' म्हणतात. जेवण झालं, नमस्कार झाले की ती पट्टी जाळायची. आलेला माणूस परत गेला. आता बहुतेक लोक इंटरनेटवरून पट्टी छापून घेतात. पण सेंटरव्हिल आणि आसपासची पंधरा-वीस घरं सणाच्या आधी यून सरांकडे येत. सर अंघोळ करून, टेबल पुसून, एकेक पट्टी लिहीत. त्यांनी आयुष्यात जे सर्वांत चांगलं लिहिलं ते सगळं त्याच सकाळी राख झालं होतं.

कागद जाळण्यावरून एकदा आगीचा बंबही आला होता. सर टाउनहाउसमध्ये राहत. मागच्या लाकडी डेकवर एका जुन्या पातेल्यात ते कागद जाळत होते. शेजाऱ्याने फोन केला. तरुण फायरमन पायऱ्या चढून वर आला आणि त्याने विचारलं, "सर, काय जाळताय?"

"होमवर्क," सर म्हणाले.

फायरमनला हसू आवरेना. सरांनी त्याला थांबवून घेतलं, पाण्यात ब्रश बुडवून डेकच्या फळीवर 燃 लिहून दाखवलं आणि त्यातल्या दोन्ही आगी मोजून दाखवल्या. तो फोटो काढेपर्यंत उन्हाने एक आग वाळून गेली. पुढे सोसायटीचं पत्र आलं, डेकवर उघडी आग चालणार नाही, फक्त मांस भाजायच्या ग्रिलची परवानगी आहे. सरांनी ग्रिल विकत आणलं आणि कागद त्यात जाळू लागले. "नियम बरोबर आहे," ते म्हणाले. "जुन्या अक्षरातही तसंच आहे. आधी मांस."

मी त्या दिवशी तिथे नव्हते. अभय होता. तो सरांना घरी सोडायला गेला होता आणि जेवायला थांबला होता. हा प्रसंग मला अभयने सांगितला.

आता माझ्या चुकीबद्दल. वाचनालयाने वर्गाच्या कामाचं छोटं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. माहितीची पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं. कच्चा मजकूर छापून आला, त्यात सरांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग चुकलं होतं. मी डेस्कवर अकरा वर्षं जे केलं तेच केलं. चुकीच्या नावावर काट मारली आणि समासात लाल पेनने, ठळक, सुटं सुटं, सरांचं पूर्ण नाव लिहिलं. सवयीने भोवती गोलही केला. मग अभयला बरोबर घेऊन ते प्रूफ दाखवायला सरांच्या घरी गेले.

सामोनिमनी ते आधी पाहिलं. त्यांनी कागद पालथा केला.  सरांनी कागद पुन्हा उलटला, खिशातून काळं पेन काढलं आणि माझ्या लाल अक्षरांवरून एकेक अक्षर काळं करत गेले. शेवटी म्हणाले, "स्पेलिंग आता बरोबर आहे."

बाहेर आल्यावर अभयने मला बाजूला घेतलं.

"ताई, काय केलं तुम्ही हे? लाल रंगात जिवंत माणसाचं नाव लिहीत नाहीत ते लोक. मेलेल्याचं लिहितात."

"सर रोज लाल ब्रश वापरतात."

"अक्षरावर. नावावर कधी पाहिला? माझ्या बाबांचं नाव चुकलं तं पेन्सिलीने सांगतात. कोरियन सिरीयल पाहत नाही का तुम्ही? माझ्या पोरीलाबी माहीत आहे."

हे मला दिसायला हवं होतं. सर एकेकाचं नाव लिहून घेत तेव्हा लाल ब्रश बाजूला ठेवत, हे मी दोन वर्षं पाहत होते. मी ते पाहिलं होतं पण वाचलं नव्हतं. मी सरांची माफी मागितली. ते म्हणाले, "पेपरवाल्यांची लाल वेगळी." मला ते पुरेसं वाटलं नाही. अभयने ती चूक केली असती तर सर हसले असते, असं तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

तिसऱ्या वर्षी सरांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. महिनाभराने ते परत आले तेव्हा कॉलर तितकीच कडक होती, आत मान मात्र बारीक झाली होती. त्या शनिवारी त्यांनी फळ्यावर आठ अक्षरं लिहिली आणि सगळ्यांना ती लिहायला सांगितली. आज्यांनी ती लगेच ओळखली. मुलाने वडिलांसाठी मांडायची पट्टी होती ती.

सरांनी अर्थ सांगितला. वडील. विद्यार्थी. आदरणीय. आत्म्याची जागा. "ज्याने सरकारी हुद्दा मिळवला नाही, त्याला विद्यार्थी लिहायचं. मी दुकानदार. मीही विद्यार्थीच."

मग त्यांनी सरळ सांगून टाकलं. त्यांचा मुलगा टेक्सासमध्ये अर्विंगला दातांचा डॉक्टर आहे. चांगला आहे. सर गेल्यावर सणाला येईल, जेवण मांडेल, पट्टी मात्र छापून आणेल, कारण त्याला लिहिता येत नाही. "मी पंधरा घरांना हाताने लिहून दिलं. माझ्यासाठी प्रिंटर नको. तुमच्यातलं कोणी लिहील."

आम्ही तीन शनिवार ती आठ अक्षरं लिहिली. मी घरी रोज सकाळी तासभर लिहिली, ऑफिसच्या कॉलच्या आधी. नवरा म्हणाला, "परीक्षा आहे का?" मी हो म्हटलं. मला ते काम हवं होतं. तीन वर्षांत मला दुसरं काही इतकं हवं झालं नव्हतं. वॉल्टर स्वतःहून मागे हटला. आज्या म्हणाल्या, आमचे हात कापतात. उरलो दोघं. अभयच्या कागदावर 'विद्यार्थी'च्या दोन अक्षरांतलं दुसरं तिसऱ्या आठवड्यातही तिरकं येत होतं.

चौथ्या शनिवारी सरांनी त्या आठ अक्षरांचा स्वतःच्या हातचा नमुना अभयला दिला. पातळ कागद, घडी न घातलेला, दोन पुठ्ठ्यांमध्ये. "याच्यावरून लिही," ते म्हणाले. "तुझं लिहिलेलं जाळ. हे जाळू नको."

अभय रडायला लागला. मी माझे ब्रश धुतले. ते धुऊन झाले होते, तरी पुन्हा धुतले.

आठवडाभर मी दोन कारणं मनात धरून होते. एक, लाल नाव. दुसरं, मी बाई आहे. पूर्वजांच्या कामात पुरुषच लागतो. दुसरं कारण मला जास्त सोयीचं होतं. तरी खात्री करून घ्यायची सवय सुटत नाही. मी एका गुरुवारी सरांच्या घरी गेले आणि विचारलं, "मी का नाही?"

सर डेकवर बसले होते. त्यांनी माझ्या कॉलरकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"लाल पेनामुळे नाही," ते म्हणाले. "बाई म्हणूनही नाही. सामोनिम माझ्यापेक्षा चांगलं लिहिते. तुझं अक्षर बरोबर आहे. सगळं बरोबर. मुलाचा प्रिंटरही बरोबरच लिहितो."

  मग त्यांनी त्यांच्या थोरल्या भावाबद्दल सांगितलं. गावी सणाला पट्टी लिहायचं काम वडील भावाकडे देत. यून सर शाई उगाळत. बारा वर्षं त्यांनी फक्त शाई उगाळली. भावाचं अक्षर चांगलं होतं, हे ते मान्य करत. आपलंही वाईट नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. ते अमेरिकेला आले, दुकान टाकलं, आणि दुकानाच्या मागे एकटे लिहीत राहिले.

"मला सारखं वाटायचं, तो नसता तर मी लिहिलं असतं," सर म्हणाले. "मग तो नव्हता. त्याला मुलगा नव्हता. त्याची पट्टी मी लिहिली. माझी पहिली. फार चांगली आली." ते थांबले. "दाखवायला तोच हवा होता."

हे त्यांनी अभयला सांगितलं नव्हतं. मी नंतर चौकशी केली. वर्गात ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. मला नमुन्याचा कागद हवा होता आणि मिळाली ती ही गोष्ट. त्या दिवशी गाडीत बसले तेव्हा मला वाटलं, आपली समजूत घालून परत पाठवलं. मी त्यांचे आभारही मानले नव्हते.

पुढचे दोन महिने मी वर्गाला गेले नाही. कामाचं कारण दिलं. काम होतंही.

सर ऑगस्टच्या शेवटी गेले. झोपेतच. शरद ऋतूतल्या मोठ्या सणाला अभयचा फोन आला. "ताई, चला ना. मला एकट्याला टेन्शन येऊन राहिलं. काही चुकलं तं तुम्ही लगेच सांगाल." मी गेले. सरांचा मुलगा दारात होता. सूट नवा, नजर वडिलांची नाही. टेबलावर मासे, भात, नासपती, सामोनिमनी पहाटेपासून केलेल्या गोष्टी. मागे पट्टी उभी.

अभयने ती आदल्या दिवशी नागपूरला बाबांना फोन करून, अंघोळ करून लिहिली होती. सामोनिमनी ती जवळून पाहिली आणि अभयच्या गालाला हात लावला. मग मी पाहिली. एखादी चूक सापडेल या आशेने मी ती आठ अक्षरं दोनदा वाचली. चूक नव्हती. 'विद्यार्थी'मधलं दुसरं अक्षर थोडं तिरकं होतं, पण ते चालत निघालेल्या माणसासारखं तिरकं होतं. मला ते तसं लिहिता आलं नसतं. मुलाने नमस्कार केले आणि पट्टी डेकवर नेली. तिला पेटायला एक क्षण लागला आणि संपायला चार-पाच. अभय राख उडेपर्यंत उभा होता. मुलगा त्याला इंग्रजीत म्हणाला, "डॅड वुड हॅव लाइक्ड इट." अभय म्हणाला, "नाही, दोन ठिकाणी लाल केलं असतं त्यांनी."

यून सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याआधी पाच आठवडे, सेंटरव्हिलमधल्या कोरियन दुकानाच्या पार्किंगमध्ये. मी सामान घेऊन गाडीत बसले होते. समोरच्या रांगेत अभयची गाडी होती. तिच्या टपावर पाण्याची बाटली ठेवून सर ओल्या बोटाने बॉनेटवर काही लिहीत होते आणि अभय मान वाकडी करून बघत होता. ऊन इतकं होतं की अक्षर पूर्ण होण्याआधी त्याची सुरुवात वाळत होती. सर पुन्हा बोट बुडवत, पुन्हा लिहीत. दोघं हसत होते. उतरून त्यांच्याकडे जायला वीस पावलं चालावी लागली असती.

मी गाडी रिव्हर्सला टाकली. मागून कोणी बाई ट्रॉली ढकलत येत होती, ती मला दिसली नाही. सरांना दिसली. ते दोन गाड्यांमधून लगबगीने माझ्या गाडीच्या मागे आले आणि हात वर करून उभे राहिले. स्क्रीनवर मागच्या कॅमेऱ्याचं चित्र होतं, रंगीत रेघा, आणि त्या रेघांच्या मधोमध पांढऱ्या कडक कॉलरचे यून सर, भिंगामुळे आहेत त्यापेक्षा रुंद दिसणारे. ट्रॉली गेली. त्यांनी हाताने खुणावलं, या, या, जागा आहे. मी गाडी मागे घेतली. ते बाजूला झाले, डिकीवर दोन थापा मारल्या आणि माझ्या काचेच्या बाजूने वाकून आत पाहू लागले. काचेला काळी फिल्म आहे. बाहेरून आतलं माणूस ओळखू येतं की नाही, हे मी नंतर नवऱ्याला आत बसवून, बाहेर उभं राहून तपासलं. जवळून पाहिलं तर येतं.

मी काच खाली केली नाही.